संघटित गुन्हेगारी आणि अभिजनांचे साटेलोटे : शासनाच्या उपाययोजना

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.

• साधी गुन्हेगारी, संघटित गुन्हेगारी आणि अभिजनांशी तिचे असलेले साटेलोटे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• व्होरा समिती, मोक्का कायदा, तपास यंत्रणांची स्वायत्तता आणि परवाना-पद्धतीतील बदल या उपायांचे स्वरूप व मर्यादा सांगता येतील.
• एखादा नवा शासकीय उपाय साटेलोट्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पारखण्याची कसोटी लावता येईल.

१. प्रस्तावना

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्याच्या वायव्य भागातील तालुक्याचे ठिकाण. उत्तरेला वर्धा जिल्हा, पश्चिमेला वर्धा नदी आणि नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील वणी-मारेगावचा मुलूख. १ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि या भूगोलाला एकाएकी निराळा अर्थ आला. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी होती. वर्धा जिल्ह्यात ती सत्तरच्या दशकापासूनची. आता एकमेकांना लागून असलेले तीन जिल्हे कोरडे झाले. परंतु वणीची दुकाने खुली होती, नागपूरची खुली होती आणि दक्षिणेला तेलंगणातही विक्री चालू होती. जी वस्तू नदीच्या एका काठावर परवान्याने विकली जात होती, तीच पूल ओलांडताच गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू लागली. दोन काठांवरच्या किमतींतील फरक हेच अवैध व्यापाराचे भांडवल झाले.

ही बंदी वरून लादलेली नव्हती. जिल्ह्यातील स्त्रियांनी तिच्यासाठी दीर्घ लढा दिला होता. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा गेला होता. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री आणि वरोऱ्याचे आमदार संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. एवढ्या कष्टाने मिळालेली ही बंदी २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने उठवली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल त्यापूर्वी शासनापुढे आला होता. निर्णयामागे जी कारणे देण्यात आली, त्यांत अवैध दारूचा सुळसुळाट आणि त्या धंद्यात स्त्रिया व मुले ओढली जाणे ही कारणे ठळक होती. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, नागभीड पोलीस ठाण्याच्या एका उपनिरीक्षकाला अवैध दारू वाहून नेणाऱ्या गाडीने चिरडले होते.

या साऱ्यातून एक प्रश्न उरतो. संपूर्ण जिल्ह्याला पुरेल इतकी दारू आडवाटेने, डोक्यावरच्या गाठोड्यातून येत नाही. तिला गाड्या लागतात, गोदाम लागते, पूल आणि नाके ओलांडावे लागतात. सहा वर्षे चालणारा असा व्यापार कोणाच्या तरी मौनावाचून चालू शकेल काय? एका उपनिरीक्षकाने आपला प्राण देऊन कर्तव्य केले. मग जे मौन राहिले, त्यांचा हिशेब शासन कसा घेते? आजचा घटक या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

२. संकल्पना

चोरी, मारामारी, खून हे गुन्हे एखाद्याच्या हातून एकदा घडतात. *संघटित गुन्हेगारी* निराळी असते. तिच्यात टोळी असते, कामाची वाटणी असते, नफ्याचा हेतू असतो आणि एक माणूस पकडला गेला तरी धंदा चालू राहतो. थोडक्यात, ती व्यापारासारखी चालते. मात्र तिच्या करारांना न्यायालयाचा आधार नसतो, म्हणून त्या जागी धाक असतो.

*अभिजन* ही समाजशास्त्रातील संज्ञा आहे. निर्णय घेण्याची, निर्णय बदलवण्याची किंवा निर्णय थांबवून धरण्याची शक्ती ज्यांच्यापाशी असते, असा मूठभरांचा वर्ग म्हणजे अभिजन. यात लोकप्रतिनिधी येतात, वरिष्ठ अधिकारी येतात, मोठे ठेकेदार, बांधकाम व्यावसायिक आणि भांडवलदार येतात. केवळ श्रीमंती किंवा प्रतिष्ठा म्हणजे अभिजनत्व नव्हे. निर्णयावरची पकड हे त्याचे खरे लक्षण.

या दोघांत जे देणे-घेणे चालते, त्याला आपल्या भाषेत *साटेलोटे* असा नेमका शब्द आहे. साटे-लोटे मुळात सोयरिकीचे : तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या. या व्यवहारातही दोन्ही बाजूंना काही मिळते. टोळीला संरक्षण, आगाऊ माहिती, परवाना आणि गुन्हा दाखल होताना सौम्य कलम मिळते. अभिजनाला पैसा, निवडणुकीतील मनुष्यबळ, प्रतिस्पर्ध्याला गप्प करण्याचे साधन आणि आपले हात स्वच्छ ठेवण्याची सोय मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सौद्यात टोळीचा वाटा कृतीचा असतो, अभिजनाचा वाटा पुष्कळदा निष्क्रियतेचा असतो. गाडी न तपासणे, फाईल न हलवणे, बदलीचा आदेश वेळेवर न काढणे किंवा अवेळी काढणे, यांतले काहीही उघड गुन्ह्यासारखे दिसत नाही. कृतीचा पुरावा सापडतो. न केलेल्या कृतीचा पुरावा कोठे शोधायचा? शासनाचे बहुतेक उपाय याच ठिकाणी अडखळले आहेत.

३. १९९३ : मौनाची किंमत

साटेलोट्याचे परिणाम किती भयंकर असू शकतात, याचा धडा महाराष्ट्राला १९९३ मध्ये मिळाला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यासाठी लागलेली शस्त्रे आणि आरडीएक्स ही स्फोटके त्याआधीच्या दोन महिन्यांत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरवली गेली होती. हा किनारा तस्करांना नवा नव्हता. सोने, चांदी आणि परदेशी वस्तू उतरवून घेण्याची व्यवस्था तेथे वर्षानुवर्षे बसलेली होती आणि तिच्यासोबत हप्त्याची व्यवस्थाही. जानेवारी १९९३ मध्ये दिघीहून निघालेला माल पोलिसांच्या एका पथकाने रस्त्यात अडवला होता. परंतु पैशांचा सौदा ठरला आणि माल पुढे गेला.

पुढे टाडा न्यायालयाने या प्रकरणी जे दोषी ठरवले, त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी आणि पोलीस कर्मचारीही होते. सीमाशुल्क विभागाच्या एका अतिरिक्त समाहर्ता दर्जाच्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी या खटल्याचा अंतिम निकाल दिला.

ज्यांनी माल सोडला त्यांना कदाचित वाटले असेल की नेहमीसारखी चांदी जात आहे. साटेलोट्याचा हाच धोका. दार एकदा विकत मिळू लागले, की त्यातून काय आत येते हे दार विकणाऱ्याच्या हाती राहत नाही.

आपली प्रगती तपासा – १

१. 'अभिजन' या संज्ञेचे मुख्य लक्षण कोणते?
२. साटेलोट्यात अभिजनाचा वाटा सिद्ध करणे कठीण का जाते? तीन-चार वाक्यांत लिहा.

४. पहिला उपाय : चौकशी समिती

स्फोटांनंतर काही महिन्यांनी, ९ जुलै १९९३ रोजी, केंद्र शासनाने गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गुप्तवार्ता विभाग, केंद्रीय अन्वेषण विभाग (सीबीआय) आणि 'रॉ' या यंत्रणांचे प्रमुख व महसूल सचिव तिच्यात होते. गुन्हेगारी टोळ्या आणि माफिया यांना शासकीय अधिकारी व राजकीय व्यक्तींचे जे संरक्षण मिळते, त्याची माहिती एकत्र करावी, असे काम तिच्याकडे सोपवले होते. ऑक्टोबर १९९३ मध्ये समितीने अहवाल दिला.

अहवाल लहान, जेमतेम डझनभर पानांचा. परंतु त्यातील निरीक्षण गंभीर होते. काही भागांत माफियांचे जाळे जवळजवळ समांतर शासन चालवीत आहे, असे देशाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी स्वतः लिहून दिले होते. दुसरे निरीक्षण प्रशासनाविषयीचे होते. प्रत्येक यंत्रणा आपापल्या कक्षेपुरती माहिती जमवते. आयकर खात्याला उत्पन्न दिसते, सीमाशुल्काला माल दिसतो, पोलिसांना गुन्हा दिसतो. संबंध कोणालाच दिसत नाही. म्हणून गृहमंत्रालयात सर्व माहिती एकत्र आणणारा एक मध्यवर्ती कक्ष असावा, अशी शिफारस समितीने केली.

हा अहवाल संसदेपुढे आला तो १ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. तोही दिल्लीतील एका राजकीय कार्यकर्त्याने पत्नीचा खून केल्याच्या प्रकरणाने देश ढवळून निघाल्यावर. परिशिष्टे प्रसिद्ध झाली नाहीत. ती उघड व्हावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. दिनेश त्रिवेदी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मार्च १९९७ मध्ये न्यायालयाने आधारभूत माहिती खुली करण्यास नकार दिला. मात्र अहवालातील निष्कर्षांचा पाठपुरावा करण्यासाठी राष्ट्रपतींनी उच्चस्तरीय समिती नेमावी, असे सुचवले.

चौकशी समितीचे बलस्थान हे की ती शासनाला स्वतःचा चेहरा आरशात पाहायला लावते. तिची मर्यादाही तीच आहे. आरसा कोठे लावायचा आणि केव्हा झाकायचा हे शासनच ठरवते.

५. दुसरा उपाय : विशेष कायदा

नव्वदच्या दशकात मुंबईत खंडणी आणि सुपारी देऊन केलेल्या खुनांचे सत्र चालू होते. बांधकाम व्यावसायिक, चित्रपट निर्माते आणि उद्योजक टोळ्यांचे बळी ठरत होते. त्यांतील काही टोळ्यांचा उपयोगही करून घेत होते. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९९९ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्यादेश काढला आणि त्याचे रूपांतर 'महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९' या कायद्यात झाले. लोक त्याला *मोक्का* म्हणतात.

मोक्काने एकट्या गुन्ह्याऐवजी सातत्याने चालणाऱ्या बेकायदा कृत्यांवर लक्ष ठेवले. मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली असणे, ही त्याची पूर्वअट आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. जामीन अतिशय कठीण आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता सरकारजमा करता येते. दूरध्वनी संभाषण टिपण्याच्या तरतुदींना आव्हान दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या वैध ठरवल्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे या कायद्याचे *कलम २४*. लोकसेवकाने संघटित गुन्ह्याला कोणत्याही प्रकारे साहाय्य केले, किंवा या कायद्याखालची कारवाई करण्याचे टाळले, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. 'टाळले' हा शब्द येथे मोलाचा आहे. मौन हाही गुन्हा असू शकतो, असे कायद्याने येथे स्पष्ट म्हटले आहे.

या कायद्याचा अनुभव कसा आला? तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण टोळीप्रमुखाचे. अरुण गवळी २००४ मध्ये चिंचपोकळीतून विधानसभेवर निवडून गेले; टोळीप्रमुख स्वतःच लोकप्रतिनिधी झाला होता. २००७ मध्ये झालेल्या एका नगरसेवकाच्या खुनाबद्दल विशेष न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांना मोक्काखाली जन्मठेप दिली. टोळी उघड होती, तिचा इतिहास नोंदलेला होता आणि कायदा तिच्यापर्यंत पोहोचला.

दुसरे उदाहरण भांडवलदाराचे. चित्रपटांना अर्थपुरवठा करणारे भरत शहा यांना जानेवारी २००१ मध्ये मोक्काखाली अटक झाली. खटल्यात चित्रपटसृष्टीतील अनेक साक्षीदार उलटले. २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना टोळीशी संगनमताच्या आरोपातून मुक्त केले आणि माहिती दडवल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा दिली.

तिसरे उदाहरण अधिकाऱ्यांचे. बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी याला दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. याच प्रकरणात मुंबईच्या पोलीस आयुक्तांना निवृत्त होताच, डिसेंबर २००३ मध्ये, अटक झाली. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. टोळीला साहाय्य केले असे म्हणण्यासाठी जाणीवपूर्वक संबंध दिसला पाहिजे, असा त्या निर्णयाचा रोख होता. पुढे ते आरोपमुक्त झाले.

या उदाहरणांतून 'मोठे सुटतात' असा घाईचा निष्कर्ष काढू नये. आरोपमुक्त झालेला माणूस निर्दोष आहे असेच मानले पाहिजे, आणि कठोर कायदा निर्दोष माणसाला किती महाग पडतो हेही येथे दिसते. परंतु अभ्यासक म्हणून आपण एवढे नक्की म्हणू शकतो, की मोक्काचे यंत्र टोळी ओळखण्यासाठी घडवलेले आहे. टोळीच्या वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या संरक्षकाला ओळखण्याचे काम त्याच्याकडून क्वचितच होते. शिवाय मोक्का लावण्यासाठी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि न्यायालयाने दखल घेण्यासाठी अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. कायद्याचा दुरुपयोग रोखण्यासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. तरीही संरक्षण पुरवणारा त्याच साखळीत वर बसलेला असेल, तर परवानगीची किल्ली त्याच्याच हाताजवळ राहते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये 'संघटित गुन्हा' ही संकल्पना संपूर्ण देशासाठी आली आहे. परंतु लोकसेवकाच्या निष्क्रियतेवर बोट ठेवणारी, मोक्काच्या कलम २४ सारखी स्वतंत्र तरतूद त्या कलमात नाही.

६. तिसरा उपाय : तपास यंत्रणेची स्वायत्तता

किल्लीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे विनीत नारायण खटल्यात आला. उच्चपदस्थांची चौकशी करण्यापूर्वी शासनाची संमती घ्यावी, असा एक आदेश तेव्हा सीबीआयला लागू होता. १८ डिसेंबर १९९७ च्या निकालात न्यायालयाने तो आदेश रद्द केला, सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा असे सांगितले आणि केंद्रीय दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा देण्यास बजावले.

पुढची घडामोड फार बोलकी आहे. २००३ मध्ये दक्षता आयोगाचा कायदा झाला आणि त्याच कायद्याने, सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी, पूर्वसंमतीची अट पुन्हा आणली. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ घालण्यात आले. शासकीय निर्णयांशी संबंधित आरोपांची चौकशी करण्यापूर्वी मंजुरी घेण्याची अट सर्वच लोकसेवकांसाठी आली. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्णय घेताना भीती वाटू नये, हे या तरतुदीमागचे कारण सांगितले जाते आणि ते निराधार नाही. मात्र एकच दार वीस वर्षांत किती वेळा उघडले आणि किती वेळा लावून घेतले गेले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पोलीस दलाविषयी प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी असेच निर्देश दिले गेले : अधिकाऱ्यांना निश्चित कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात तशा दुरुस्त्या केल्या. अपवादात्मक परिस्थितीत मुदतीपूर्वी बदली करण्याचा अधिकार मात्र राखून ठेवला. ठाणेदाराच्या दृष्टीने पाहिले तर या तरतुदींचे महत्त्व कळते. रेतीचा ट्रक अडवल्यावर आठवड्याभरात बदली होणार असेल, तर कलमे कितीही कडक असोत, तो ट्रक अडणार नाही.

राजकीय अभिजनांविषयीही न्यायालयांनी काही दारे उघडली. २००२ च्या निर्णयानंतर उमेदवाराला आपल्यावरील गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते. १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निर्णयामुळे दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा होताच लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो. माहिती मतदाराच्या हाती आली. तिचे काय करायचे हे मतदाराने ठरवायचे आहे.

आपली प्रगती तपासा – २

१. व्होरा समितीने मध्यवर्ती कक्षाची शिफारस का केली?
२. मोक्काचे कलम २४ इतर तरतुदींपेक्षा वेगळे कसे आहे?
३. 'पूर्वसंमती'च्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी एक मुद्दा लिहा.

७. चौथा उपाय : संधीच काढून घेणे

आतापर्यंतचे उपाय गुन्हा घडल्यानंतरचे होते. चौथा मार्ग ज्या व्यवहारातून नफा निर्माण होतो तो व्यवहारच बदलण्याचा आहे.

मुद्रांक प्रकरणात नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयातून भंगार म्हणून लिलावात निघालेली यंत्रे आरोपीच्या हाती पडली होती. कागदी मुद्रांकाचा तुटवडा, विक्रेत्याचा परवाना आणि खरा-खोटा कागद ओळखण्याची अडचण यांवर तो धंदा उभा होता. आज मोठ्या रकमेचे मुद्रांक शुल्क बँकेमार्फत आणि संगणकीय नोंदीने भरले जाते. त्यामुळे बनावट कागद छापण्यातला फायदाच आटला. येथे शिक्षेपेक्षा पद्धतीतील बदल अधिक परिणामकारक ठरला.

रेतीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. वर्धा, इरई, वैनगंगा या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना रेतीघाट म्हणजे काय ते सांगायला नको. शासनाने येथे अनेक मार्ग चोखाळले. २०१५ मध्ये 'वाळू तस्कर' हा वर्ग १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात समाविष्ट केला, ज्या कायद्यात पूर्वी झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले होते. अवैध गौण खनिजावर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड ठेवला. एप्रिल २०२३ मध्ये लिलाव थांबवून शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले आणि दोनच वर्षांत, २०२५ मध्ये, पुन्हा लिलावाकडे वळले. धोरण इतक्या वेळा बदलावे लागते, यावरूनच कळते की घाटाची मोजणी, वाहतुकीचा परवाना आणि नाक्यावरची तपासणी ही जी मानवी हातांची साखळी आहे, ती कोणत्याही पद्धतीत तशीच राहते.

आता प्रस्तावनेतील दारूबंदीकडे पाहू. २०२१ मध्ये बंदी उठली तेव्हा अवैध व्यापाराचा नफा कमी झाला, म्हणजे एका अर्थाने संधी काढून घेतली गेली. परंतु येथे एक कठीण प्रश्न आहे. बंदी अपयशी ठरली ती मुळात चुकीची होती म्हणून, की ती राबवणाऱ्यांचा हिशेब कोणी घेतला नाही म्हणून? पहिले खरे असेल तर बंदी उठवणे हा उपाय होय. दुसरे खरे असेल तर ज्या स्त्रिया चिमूरहून चालत गेल्या, त्यांनी दुसऱ्यांच्या मौनाची किंमत मोजली. शासनाने धोरण बदलले. मौनाचा हिशेब मात्र धोरणाबरोबरच मिटला. संधी काढून घेण्याच्या उपायात हा धोका नेहमी असतो. व्यवहार बंद होतो, साटेलोटे करणारे हात मोकळे राहतात आणि दुसऱ्या व्यवहाराकडे वळतात.

८. किल्ली बदलण्याचे दाखले

जगात काही देशांनी थेट संरक्षकाला गाठण्याचा प्रयत्न केला. इटलीत सप्टेंबर १९८२ मध्ये माफियाशी संबंध असणे हाच गुन्हा ठरवणारा आणि मालमत्ता जप्तीची तरतूद करणारा कायदा झाला. त्याचा आग्रह धरणारे खासदार पिओ ला तोरे यांचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये खून झाला होता. १९९१ च्या कायद्याने माफियाचा शिरकाव झालेली नगरपालिका बरखास्त करण्याचा अधिकार शासनाला मिळाला. म्हणजे टोळीबरोबर टोळीला आसरा देणारी सत्ताही कारवाईच्या कक्षेत आली. १९९६ पासून जप्त केलेली जमीन व घरे सामाजिक संस्थांना आणि सहकारी गटांना वापरण्यासाठी देता येऊ लागली.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाने वेगळा मार्ग धरला. देशातील तपास यंत्रणांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने २००७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय आयोग सुरू झाला. त्याने देशाच्या सरकारी वकिलांबरोबर काम केले. २०१५ मध्ये सीमाशुल्कातील अपहाराचे जाळे उघडकीस आले आणि राष्ट्राध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. परंतु पुढच्या राष्ट्राध्यक्षांभोवती चौकशी सुरू होताच त्यांनी आयोगाची मुदत वाढवण्यास नकार दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये आयोग संपला. आयोगाची मुदत ज्याच्या सहीने वाढते त्याचीच चौकशी आयोगाला करायची असेल, तर काय होते, याचे हे उदाहरण.

आपल्या वनजिल्ह्यांतही किल्ली बदलल्याचा एक दाखला आहे. बांबू तोडण्याचा आणि वाहून नेण्याचा परवाना ही वनविभागाची मक्तेदारी होती. साटेलोटे जमते ते अशा परवान्याभोवतीच, कारण सही एकाची आणि पाहणारे कोणी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याचे पुस्तक वनविभागाकडेच होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला. ग्रामसभाही माणसांचीच असते. तिच्यावरही ठेकेदाराचा दबाव येऊ शकतो. परंतु बंद खोलीतील एका सहीपेक्षा चावडीवर साऱ्यांसमोर झालेला निर्णय विकत घेणे अवघड असते.

९. सारांश

संघटित गुन्हेगारी संरक्षणावर जगते आणि संरक्षण पुष्कळदा मौनाच्या रूपात असते. १९९३ च्या स्फोटांनी त्या मौनाची किंमत दाखवून दिली. त्यानंतर शासनाने चार प्रकारची उत्तरे शोधली. चौकशी समितीने सत्य नोंदवले, परंतु ते उशिरा आणि अपुरे लोकांपुढे आले. विशेष कायद्याने टोळ्यांना जरब बसवली, संरक्षकाला क्वचितच गाठले. स्वायत्ततेच्या निर्देशांनी तपास मोकळा करण्याचा प्रयत्न केला, पण पूर्वसंमतीची अट पुन्हा पुन्हा परत आली. व्यवहार-पद्धतीतील बदलाने नफ्याचे मूळ छाटले; मात्र जुन्या हिशेबाला हात घातला नाही.

म्हणून कोणताही नवा उपाय जाहीर झाला की आपण दोन प्रश्न विचारावेत. हा उपाय टोळीबरोबर तिच्या संरक्षकापर्यंत पोहोचतो काय? आणि तो सुरू करण्याची व थांबवण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे? शिक्षेची वर्षे किती वाढली, हा प्रश्न यांच्यानंतरचा.

पारिभाषिक शब्द

*साटेलोटे* – परस्परांच्या फायद्यासाठी केलेली छुपी देवाणघेवाण.
*पूर्वसंमती* – चौकशी अथवा कारवाई करण्यापूर्वी घ्यावी लागणारी वरिष्ठांची मंजुरी.
*स्थानबद्धता* – खटल्याशिवाय, प्रतिबंधक उपाय म्हणून ठराविक मुदतीसाठी ताब्यात ठेवणे.
*गौण खनिज* – रेती, मुरूम, दगड यांसारखी, राज्य शासनाच्या नियमनाखालील खनिजे.

स्वाध्याय

१. 'संघटित गुन्हेगारीविरुद्ध कठोर कायदा पुरेसा नाही.' मोक्काच्या अनुभवाच्या आधारे या विधानाचे परीक्षण करा.
२. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी उठवण्याच्या निर्णयाकडे पाहण्याच्या दोन भूमिका मांडा आणि आपले मत सकारण लिहा.
३. *कृती* : आपल्या गावातील रेतीघाट, तेंदूपत्ता संकलन, रेशन दुकान किंवा रस्त्याचा ठेका यांपैकी एक व्यवहार निवडा. त्यासाठी कोणकोणते परवाने लागतात, प्रत्येक परवान्यावर कोणाची सही असते आणि ती माहिती ग्रामसभेत किंवा माहितीच्या अधिकाराखाली कोणाला पाहता येते, याचा तक्ता तयार करा. ज्या रकान्यात 'पाहणारे कोणी नाही' असे लिहावे लागेल, त्याविषयी दहा ओळींचे टिपण लिहा.